न हललेल्या ट्रेडमिलचा भाव

जोखीमसरांना हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलं होतं, आणि विद्यार्थी ठेवतात ती नावं सहसा चुकत नाहीत. सर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत. शेअर, रोखे, सोनं, घरं यांच्या किमती कशा ठरतात आणि त्या किमतीत जोखमीचा वाटा किती, हा त्यांचा विषय. फळा ग्रीक अक्षरांनी भरून गेला की ते हात झटकत, वर्गाकडे वळत आणि म्हणत, "थोडक्यात काय, बाजार चुकत नाही. चुकतो तो माणूस."

स्वतः सरांनी मात्र जन्मात एक शेअर घेतला नव्हता. रस्ता ओलांडायचा तर दुसरा कोणी ओलांडणारा येईपर्यंत ते कडेला थांबत, आणि तो आला की गाड्या येतात त्या बाजूला त्याला ठेवून स्वतः आडोशाने चालत. याला ते 'जोखमीचं विभाजन' म्हणत. त्या दुसऱ्या माणसाला कोणी विचारलं नव्हतं.

अशा या सरांना त्यांच्या बायकोने एक दिवस सांगितलं, "ते धूड रविवारच्या आत घरातून गेलं पाहिजे."

बायको नुकतीच शाळेच्या मुख्याध्यापिकापदावरून निवृत्त झाली होती. गावभर तिला बाई म्हणत, घरात सरही मनातल्या मनात बाईच म्हणत. आणि धूड म्हणजे ट्रेडमिल. डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून हौसेने आणलेली, आठवडाभर वापरलेली, आणि त्यानंतर टॉवेल, चादरी, सरांचे पायजमे असा कुटुंबाचा सगळा भार मुकाट्याने वाहणारी. हॉलमधली खिडकीजवळची सगळ्यात चांगली जागा तिने अडवली होती. बाईंना तिथे खुर्ची टाकून बसायचं होतं. निरोपसमारंभात शाळेने दिलेले पैसे त्यांनी त्या खुर्चीसाठीच बाजूला ठेवले होते.

"भंगारवाल्याला दे आणि मोकळा हो," असं दुसरा कोणीही म्हणाला असता. सर म्हणाले, "आधी किंमत काढावी लागेल."

"काढा की. देईल कोणी ते घ्या."

"तसं नसतं ग. वस्तूची किंमत म्हणजे तिच्यापासून पुढे मिळणाऱ्या सगळ्या फायद्यांचं आजचं मोल. जोखीम वजा करून."

"काय फायदा मिळतो तिच्यापासून?"

सरांनी विचार केला. "कपडे वाळतात."

मग सरांनी कागद घेतला. पुढची कित्येक वर्षं वाळणाऱ्या कपड्यांचं आजचं मोल काढायला बसले. बाई भाजी निवडत होत्या. मध्येच सरांचे डोळे चमकले. "हे बघ, पावसात सगळ्यांची पंचाईत होते. कोणाचेच कपडे वाळत नाहीत. नेमकं तेव्हाच हे यंत्र कामी येतं. जग अडचणीत असताना जी वस्तू उपयोगी पडते तिला बाजार जास्त भाव देतो. विम्यासारखं आहे ते!"

"पावसात तिच्यावरचेही वाळत नाहीत," बाई म्हणाल्या. "कुबट वास येतो."

"हं. हा प्रत्यक्ष पुरावा झाला," सर म्हणाले, आणि त्यांनी भाव खाली आणला.

इमारतीच्या फळ्यावर कागद लावायला अध्यक्षांची परवानगी लागते. अध्यक्ष म्हणजे सोसायटीचे अध्यक्ष, पण ते बसत, उठत आणि जिना चढत ते देशाचे असल्यासारखे. त्यांनी कागद वाचला, 'ट्रेडमिल'मधली वेलांटी तपासली, "मजकुराची जबाबदारी सोसायटीवर नाही" असं खाली लिहायला लावलं आणि परवानगी दिली. सर प्रामाणिक माणूस. त्यांनी कागदावर सगळे दोष लिहिले होते: पट्टा डावीकडे सरकतो, बटणांवरचे आकडे पुसले आहेत, सुरू केल्यास दळणाच्या गिरणीसारखा आवाज येतो.

एकही माणूस फिरकला नाही.

"एवढं खरं कोण लिहितं, सर?" तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर जिन्यात म्हणाले. "हा माणूस एवढे दोष कबूल करतोय म्हणजे खरा दोष केवढा असेल, असं लोक म्हणतात."

"कोण लोक?"

"मीच. पण लोकांच्या वतीने."

हे सरांच्या मनाला लागलं. खरं सांगणाऱ्यावर विश्वास बसत नाही ही गोष्ट ते दरवर्षी वर्गात शिकवत. स्वतःवर आली तेव्हा मात्र त्यांना ती अत्यंत अन्यायाची वाटली. शेवटी तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी ट्रेडमिल घेतली. हे डॉक्टर इतके चिक्कू की दात काढल्यावर लावलेला कापूस परत मागतील, असं लोक म्हणत. त्यांनी सरांच्या ग्रीक अक्षरांकडे बघितलं, "एवढ्याला देता?" असं म्हणून जवळजवळ भंगाराचा भाव सांगितला, आणि सरांनी बाईंच्या चेहऱ्याकडे बघून तो घेतला.

आता फक्त यंत्र खाली न्यायचं राहिलं होतं.

"नेता येणार नाही," अध्यक्ष म्हणाले.

"का?"

"लिफ्टने जड वस्तू न्यायची तर वजनाचा दाखला लागतो. ठराव आहे."

"मग जिन्याने नेऊ."

"जिन्याला नवी फरशी बसवलीय. तिच्यावरून जड वस्तू न्यायची नाही. तोही ठराव आहे."

"दाखला कुठे मिळतो?"

"वजनकाट्यावर. वस्तू तिथे घेऊन जायची, ते लगेच देतात."

"पण वस्तू नेण्यासाठीच तर दाखला हवाय!"

अध्यक्षांनी सरांकडे फार दयेने बघितलं. "सर, तुम्ही अर्ज करा. बैठकीत विचार करू."

सरांनी अर्ज केला. रविवार आला आणि गेला. ट्रेडमिल जागची हलली नाही, फक्त ती आता डॉक्टरांची झाली होती. म्हणजे पायजमे काढावे लागले, कारण परक्याच्या मालावर आपले पायजमे टाकणं सरांच्या तत्त्वात बसेना.

डॉक्टर मात्र हक्काने येऊ लागले. पैसे दिलेत तर वसूल करायलाच हवेत, हा त्यांचा बाणा. ते सकाळी दवाखाना उघडण्याआधी येत, बंद यंत्रावर उभे राहत, दांड्यांना धरून सरांचाच पेपर वाचत, आणि बाईंचा चहा घेऊन जात. "वहिनी, अगदी ताजंतवानं वाटतं हो," म्हणत. सरांना ते दृश्य बघवत नसे. आपल्याच घरात आपला पेपर आपल्याला दुसऱ्याच्या नंतर मिळतो, आणि तोही उभ्याने वाचलेला!

हे पोस्टमास्तरांच्या नजरेतून सुटलं नाही. एरवी दमडी न सोडणारा हा डॉक्टर रोज वर जातो, हसतमुख खाली येतो. यात काहीतरी पाणी मुरतंय! पोस्टमास्तरांनी डॉक्टरांना जास्त पैसे देऊ केले. डॉक्टरांनी आढेवेढे घेतले, कारण दातांच्या धंद्यात थांबवून ठेवण्याचं महत्त्व त्यांना पटलेलं होतं. शेवटी चांगला नफा घेऊन त्यांनी यंत्र विकलं.

यंत्र कुठेही गेलं नाही. सकाळी डॉक्टरांच्या जागी पोस्टमास्तर उभे राहू लागले, एवढाच फरक.

नेमका इथे सरांचा मेहुणा कथेत शिरला. बाईंचा हा धाकटा भाऊ नक्की काय करतो हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. विचारलं की तो "सध्या बघतोय" म्हणायचा. काय बघतोय हे तो सांगत नसे. बहिणीकडे जेवायला आला आणि हॉलमध्ये पोस्टमास्तर बंद ट्रेडमिलवर उभे असलेले पाहून त्याने सगळी हकीकत विचारून घेतली. जेवण होईपर्यंत त्याला त्याचा धंदा सापडला होता.

"भाऊजी, ही वस्तू हलत नाही हाच हिचा सगळ्यात मोठा गुण आहे," तो म्हणाला.

"तो दोष आहे."

"छे! घरात आणायची असती तर माणसाने जागा मोजली असती. बायकोला विचारलं असतं. आता काय? जागा तुमची, धूळ ताई पुसणार, आणि मालकी आपली. असा माल शोधून सापडत नाही!"

सरांनी त्याला समजावलं की वस्तूला मूळ मोल असतं आणि भाव शेवटी त्या मोलाकडेच परत येतो. मेहुण्याने लक्षपूर्वक ऐकलं, दुसऱ्यांदा भात घेतला, आणि दुपारीच पोस्टमास्तरांसाठी गिऱ्हाईक शोधून आणलं. दोन्ही बाजूंकडून दलाली घेतली. सध्याचा मालक कोण हे त्याच्या एकट्याच्या डोक्यात असायचं. "व्यवहारात गुप्तता हवी," असं तो सांगे, त्यामुळे सगळ्यांनाच फार महत्त्वाचं काहीतरी चाललंय असं वाटे.

मग काय विचारता! इमारतीत दुसरा विषय राहिला नाही. लिफ्टमध्ये लोक एकमेकांना नमस्काराऐवजी "आज काय म्हणतेय?" असं विचारू लागले. ज्यांनी आयुष्यात जिन्याच्या चार पायऱ्या धड चढल्या नव्हत्या ते व्यायामाच्या भविष्यावर बोलू लागले. डॉक्टरांनी हळहळून आपणच विकलेलं यंत्र महाग भावाने परत घेतलं, अजून महाग विकलं, आणि त्या गडबडीत एका पेशंटचा भलताच दात उपटला, अशी वदंता होती. (पेशंट तक्रारीला आला नाही. तोही भाव विचारायला आला.) यंत्र सुरू होतं का, हे कोणी बघितलं नाही. एकाने प्लग लावायला हात पुढे केला तर बाकीचे अंगावर धावून गेले, "उगाच काही बिघडलं म्हणजे?"

शेवटी खुद्द अध्यक्षांनी ट्रेडमिल घेतली. त्यामुळे सरांचा अर्ज बैठकीत येईना. "मीच मालक आणि मीच परवानगी देणारा हे बरं दिसत नाही," अध्यक्ष म्हणाले. "लोक काय म्हणतील?" यात त्यांचा मोठेपणा आहे असं सगळ्यांचं मत पडलं, आणि भाव आणखी चढला.

या सगळ्यात सरांची जी अवस्था झाली ती शब्दांत मांडणं कठीण. भाव चढतो याचं दुःख नव्हतं. दुःख होतं ते लोकांच्या बघण्याचं. "सर, तुमचा विषय हाच ना?" असं पोस्टमास्तर इतक्या हळुवारपणे विचारत की सरांना रात्री जेवण जाईना. भाजीवाल्यानेही एकदा वांगी तोलताना "भाव तुम्ही नका सांगू" म्हटलं. आणि एक दिवस वर्गात, 'बाजार चुकत नाही' हे वाक्य फळ्यावर लिहून सर वळले, तर मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिची मावशी सरांच्याच इमारतीत राहत होती.

"सर, बाजार चुकत नाही ना?"

"नाही."

"मग तुमच्या ट्रेडमिलची किंमत आज आहे ती बरोबर?"

सर खडूशी चाळा करत उभे राहिले. आज आहे ती किंमत चूक म्हणावी तर आयुष्यभराची व्याख्यानं चूक. बरोबर म्हणावी तर...

"तर मग चुकलं कोण, सर?" मुलीने अगदी अभ्यासूपणे विचारलं.

तास संपायला अवकाश होता, तरी सरांनी वर्ग सोडला.

घरी येताना सरांनी रस्ता एकट्यानेच ओलांडला. यावरून त्यांच्या मनःस्थितीची कल्पना यावी. ते हॉलमध्ये बसले आणि ट्रेडमिलकडे बघत राहिले. पट्ट्यावर संध्याकाळचं ऊन पडलं होतं. इतके दिवस धूड वाटणाऱ्या त्या वस्तूत त्यांना पहिल्यांदाच एक प्रकारचा डौल दिसू लागला. एवढी माणसं मूर्ख असतील? डॉक्टर, पोस्टमास्तर, अध्यक्ष? प्रत्येकाला काही ना काही माहीत असणार, आणि त्या सगळ्या माहितीचा अर्क म्हणजेच भाव. आपणच लिहिलंय हे. आपणच मानलं नाही.

सरांनी जोखमीवर एक पुस्तक लिहिलं होतं. कोणी छापत नव्हतं म्हणून स्वखर्चाने छापायला त्यांनी पैसे साठवले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी मेहुण्याला कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात गाठलं.

"मला घ्यायचीय," ते कुजबुजले. "ताईला कळता कामा नये."

मेहुण्याने चहाचा कप खाली ठेवला. "भाऊजी, नक्की?"

"मालक विकेल?"

"विकेल. मालक हुशार आहे. नाव सांगायचं नाही म्हणून सांगितलंय."

"माझंही सांगू नकोस."

"नाव नाही घेत हो. नुसतं म्हणतो, गिऱ्हाईक सुशिक्षित आहे."

व्यवहार झाला. पुस्तक गेलं, ट्रेडमिल आली. म्हणजे होती तिथेच होती. पण त्या दिवशी सरांनी तिच्यावरची धूळ स्वतः पुसली. बाईंनी ते पाहिलं. त्याही त्या दिवशी गुणगुणत होत्या, आणि बाई सहसा गुणगुणत नसत. आपली घरगुती शांतता बाजाराच्या स्थैर्याशी कशी निगडित आहे यावर एखादा लेख लिहावा, असं सरांच्या मनात आलं.

रविवारी सकाळी फळ्यावर कागद लागला. ट्रेडमिल लिफ्टने नेण्यास अध्यक्षांनी खास बाब म्हणून परवानगी दिली होती. मालकाने ती ताबडतोब स्वतःच्या घरी न्यावी, असंही खाली लिहिलं होतं.

सर धावत अध्यक्षांकडे गेले. "आत्ताच कशी दिली परवानगी?"

"मी विकली ना मागच्या आठवड्यात," अध्यक्ष प्रसन्नपणे म्हणाले. "आता माझा संबंध संपला. निःपक्षपातीपणे निर्णय घेता येतो."

स्वतःच्या घरी न्यावी! या शब्दांनी इमारतीत जे घडलं ते भूकंपाने घडलं नसतं. प्रत्येकाने आपापल्या हॉलकडे एकदा बघितलं, आपापल्या बायकोकडे एकदा बघितलं, आणि प्रत्येकाला एकाच क्षणी कळलं की आपल्याला ट्रेडमिल कधीच नको होती. सरांनी डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाले, तोंडात बोटं आहेत, नंतर बोलतो. कोणाच्या तोंडात कोणाची बोटं हे त्यांनी सांगितलं नाही. सरांनी पोस्टमास्तरांचं दार वाजवलं.

"घरी कोणी नाही," आतून पोस्टमास्तर म्हणाले.

सर पडलेल्या चेहऱ्याने घरी आले तर दारात दोन हमाल आणि त्यांच्यामध्ये एक प्रचंड खुर्ची. पाय ठेवायला पाट असलेली, मागे रेलणारी, हातावर पेला ठेवायला खळगा असलेली. राजे लोक वापरत असतील तशी.

"ही कोणाची?"

"माझी," बाई म्हणाल्या. "ते धूड जरा सरकवा, खिडकीत ठेवायचीय."

"अगं, पण शाळेच्या पैशात एवढी खुर्ची कशी येईल?"

बाई जराशा लाजल्या. मुख्याध्यापिका लाजते तेव्हा कशी दिसते हे सरांनी लग्नानंतर प्रथमच पाहिलं. "ते पैसे मी जरा गुंतवले होते. अध्यक्षांकडून ती ट्रेडमिल घेतली. म्हटलं, एवढे लोक कमावताहेत, वस्तू आपल्याच घरात आहे, आपण काय पाप केलंय? आणि दोनच दिवसांत विकली. दामदुप्पट!"

सरांनी हळूच विचारलं, "कोणाला?"

"कोण जाणे. असेल कोणी मूर्ख. नाव नव्हतं सांगितलं, नुसतं म्हणाला..." बाई थांबल्या. सरांच्या तोंडाकडे बघून त्यांचा स्वर बदलला. "सुशिक्षित आहे म्हणाला."

दोघंही एकदम मेहुण्याकडे वळली. तो हमालांच्या मागे उभा राहून खुर्चीच्या पेल्याच्या खळग्यात बोट घालून बघत होता.

"माझ्याकडे काय बघता?" तो म्हणाला. "तुम्ही एका घरात राहता. मला वाटलं, आपसात बोलत असाल."

यानंतर जे बोलणं झालं त्यात अर्थशास्त्राचा भाग थोडा होता. पण सर शेवटी सरच. आवाज खाली आल्यावर त्यांनी हिशेब मांडलाच: सरांचा तोटा तो बाईंचा नफा, घरचे पैसे घरातच फिरले, बाहेर गेले ते फक्त अध्यक्षांना दिलेले शाळेचे पैसे आणि मेहुण्याची दोन्हीकडची दलाली. "म्हणजे कुटुंब म्हणून बघितलं तर नुकसान फारसं नाही," ते म्हणाले.

"पुस्तकाचे पैसे गेले ना पण तुमचे?"

"गेले."

बाईंनी खुर्चीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. "छापू," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी. तोवर नीट तपासा. त्यात बाजार चुकत नाही असं जिथे जिथे लिहिलंय ना, तिथे लाल शाई मी लावते."

सरांनी मान डोलावली. बऱ्याच दिवसांनी त्यांना भूक लागल्यासारखं वाटलं. खुर्ची खिडकीत बसवली, हमाल गेले, आणि उरलेलं धूड भंगारवाल्याकडे पोचवायचं ठरलं. परवानगी होतीच. मेहुण्याने एका बाजूने धरलं, सरांनी दुसऱ्या, बाईंनी सूचना दिल्या, आणि ट्रेडमिल उभी करून लिफ्टमध्ये घातली. ती एका कोपऱ्यात, सर दुसऱ्यात, आणि मध्ये "तुम्हाला एकट्याला जमणार नाही" म्हणून घुसलेल्या बाई. मेहुणा जिन्याने खाली निघाला.

लिफ्ट एक मजला उतरली, कण्हली आणि दोन मजल्यांच्या मधोमध थांबली.

जाळीच्या दारातून वरच्या मजल्यावरच्या लोकांची फक्त पावलं दिसत होती. ती भराभर जमू लागली. डॉक्टरांचे बूट आले. "सर, श्वास खोल घ्या," असा सल्ला आला. पोस्टमास्तरांच्या चपला आल्या, म्हणजे ते घरी होते तर. अध्यक्षांच्या जोड्यांनी गर्दीतून वाट काढली.

"वजनाचा दाखला मागतो तो उगाच नाही," अध्यक्षांचा आवाज आला. "दुरुस्तीवाल्याला कळवलंय. तो म्हणतो माणसं काढू, पण यंत्र कसं अडकलंय ते बघावं लागेल. महिनाभर तरी निघायचं नाही."

वर एकदम कुजबुज सुरू झाली. पावलं जवळजवळ आली, लांब गेली, पुन्हा जवळ आली. कोणीतरी "म्हणजे न्यायला नको," असं हळूच म्हणाल्याचं सरांनी ऐकलं. मग मेहुण्याचे गुडघे दिसले, मग हात, आणि शेवटी जाळीला टेकलेलं त्याचं उलटं डोकं.

"भाऊजी," तो दबक्या आवाजात म्हणाला, "पोस्टमास्तर विचारताहेत. डॉक्टरांनी त्यांच्यावर भाव चढवलाय. काय सांगू?"

"विकून टाक!" बाई ओरडल्या. "आत्ताच्या आत्ता!"

सरांनी ट्रेडमिलच्या दांडीवर हात ठेवला. वरची पावलं वाढत होती. त्यांनी बाईंच्या खांद्यावर दुसरा हात ठेवला आणि जाळीकडे मान वर केली.

"थांब जरा," ते म्हणाले. "अजून चढेल."